घोड्याचा पाय का लचकतो?

१० ऑगस्ट १७६३ रोजी गोदाकाठी राक्षसभुवन येथे थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. आपल्या गेवराई तालुक्यातील या लढाईचे सेनानी आपल्याला ठाऊक असतात. परंतु ज्या घोड्यांवर मराठी फौजेची मदार होती, त्यांच्या पायांचा विचार आपण क्वचितच करतो.

या पायाची रचना मोठी विलक्षण आहे. घोड्याच्या पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो, ते वास्तविक त्याचे मनगट आणि खूर म्हणजे मधल्या बोटाचे नख! या मनगटाखाली स्नायू जवळजवळ नाहीतच. सारा भार हाडे, कंडरा व अस्थिबंध यांवर. स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी ती कंडरा; हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा तो अस्थिबंध. पाऊल टेकताच कंडरा ताणली जाते आणि पाऊल उचलताना साठवलेली शक्ती परत देते. म्हणूनच घोडा थोड्या श्रमात लांबचा पल्ला गाठतो.

मात्र हेच वरदान शापही ठरते. भरधाव दौडीत पायामागची कंडरा तुटण्याच्या मर्यादेजवळ ताणली जाते आणि तिच्या गाभ्याचे तापमान सुमारे ४५ अंश सेल्सियसपर्यंत चढते. तिला रक्तपुरवठाही बेताचाच. आतले तंतू हळूहळू झिजत जातात. मग एखाद्या दिवशी पाय खड्ड्यात पडण्याचे निमित्त होते. पाय सुजतो, हाताला गरम लागतो, घोडा लंगडू लागतो.

अशा पायाला तापलेल्या सळईने डाग देण्याची रीत जुनी आहे. पाश्चात्त्य देशांतही ती होती. १९८३ साली इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या संशोधकांनी डागामुळे कंडरा बरी होण्यास मदत होत नाही, असे दाखवून दिले. डागलेल्या घोड्याला कामावर जुंपता येत नसे. गुण येई तो त्या विश्रांतीचा!

खरा उपाय साधा आहे. पहिले दोन-तीन दिवस दिवसातून अनेकदा थंड पाण्याची धार, कापसाची गादी ठेवून पट्टी, पशुवैद्याचा सल्ला आणि विश्रांती. पुढे सपाट जमिनीवर हाताने धरून थोडे थोडे चालवावे. आता सोनोग्राफीने आतली जखम किती भरली तेही पाहता येते.

फसगत होते ती येथेच. सूज काही आठवड्यांत उतरते, लंगडणेही थांबते; पण कंडरा भरून यायला ९ ते १२ महिने लागतात. भरून आलेला भागही पूर्वीइतका लवचिक नसतो. घाईने जुंपलेला घोडा पुन्हा त्याच पायाने अधू होतो. लग्नसराईवर ज्याचे पोट, त्या घोडेवाल्याला वर्षभर घोडा बांधून ठेवणे कसे परवडावे? निदान वरातीत डांबरी रस्त्यावर तासन्‌तास घोडा नाचविण्याचा आग्रह तरी आपण धरू नये. तेवढे तर आपल्या हाती आहे.