दर्यावरची सोबत

आमच्या अंजनगाव सुर्जीला समुद्राचा शेजार नाही. ज्या तहाने या गावाचे नाव इतिहासाच्या दप्तरात चढले, त्या 30 डिसेंबर 1803च्या तहान्वये भडोचचे बंदर दौलतराव शिंद्यांच्या हातून इंग्रजांच्या अंमलाखाली गेले, एवढाच काय तो आमचा दर्याशी संबंध. तरीही अनेक नौकांनी मिळून दूरच्या सफरीस निघणे म्हणजे काय, हे वऱ्हाडी माणसास समजणे कठीण नाही. कारण कापसाने भरलेल्या गाड्या रात्री जिनाकडे निघाल्या, की मागचा धुरकरी पुढच्या गाडीखाली हेलकावणाऱ्या कंदिलावर नजर ठेवून बैल हाकीत असे, आणि एका गाडीचा कणा मोडला तर सारी रांग थांबत असे.

समुद्रावर मात्र तो कंदील लवकरच दिसेनासा होतो. एकट्याने, कोठेही बंदरास न लागता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत 1968 साली 9 जण निघाले, तेही एकत्र नव्हे, तर ठरवून दिलेल्या मुदतीत आपापल्या सवडीने. आणि प्रदक्षिणा पुरी करून परतली ती एकच नौका, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची, आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली 32 फुटी ‘सुहैली’. फाल्मथहून निघून 312 दिवसांनी ते फाल्मथलाच पोहोचले, आणि बक्षिसाचे 5000 पौंड त्यांनी याच शर्यतीत प्राणास मुकलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबास देऊन टाकले. मला या शर्यतीचा खरा आरंभ त्या दानात दिसतो.

50 वर्षांनी, 1 जुलै 2018 रोजी, फ्रान्सच्या ले साब्ल-दोलोन बंदरातून पुन्हा नौका सुटल्या, या वेळी एकत्र. आणि त्यांत ‘सुहैली’च्याच घडणीबरहुकूम गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ घेऊन आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी होते. उपग्रहाकडून वाट विचारण्यास मनाई असल्याने, डोलत्या नौकेवर पाय रोवून, सेक्स्टंटच्या आरशात सूर्य क्षितिजाला टेकवायचा, घड्याळाचा क्षण टिपायचा आणि आकडेमोड करून कागदी नकाशावर पेन्सिलीने आपले ठिकाण मांडायचे, हाच रोजचा परिपाठ.

21 सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातील वादळाने ‘थुरिया’ उलटली, डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला अशी इजा झाली, की त्यांना जागचे हलवेना. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिन यांच्याही डोलकाठ्या गेल्या होत्या. तरी त्या गृहस्थाने हाती लागले त्यातून कामचलाऊ शीड उभारले आणि सुकाणू वळवले ते टॉमींच्या दिशेने. 24 तारखेस फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ जहाजाने आधी टॉमींना आणि मग मॅकगकिनना उचलले, तरी ते वळवलेले सुकाणू माझ्या मनातून जात नाही.

टॉमी 4 सप्टेंबर 2022 रोजी त्याच बंदरातून पुन्हा निघाले आणि एप्रिल 2023मध्ये दुसरे आले. पहिल्या आल्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर; वाटेत ज्यांची नौका बुडाली त्या तापियो लेहतिनेन यांना त्यांनी तराफ्यावरून आपल्या नौकेत घेतले, ‘दर्या गायत्री’ नावाच्या मालवाहू जहाजाच्या हवाली केले आणि मगच आपली वाट धरली.