जुन्या जीपगाडीस दुसरें इंजिन

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन अरण्यमय जिल्ह्यांत जुन्या घरांच्या परसांत, गोठ्याशेजारच्या पडवींत, एखादी जीपगाडी ताडपत्रीखालीं उभी असलेली अजूनही दृष्टीस पडते. ती कधीं वकिलांची असते, कधीं डॉक्टरांची, कधीं जुन्या मालगुजारांची, तर कधीं जंगलाचा ठेका घेणाऱ्या गृहस्थांची. आजोबांनीं ती घेतली, वडिलांनीं वापरली आणि इंजिन बसल्यावर तिसऱ्या पिढीनें तिच्यावर ताडपत्री घातली, एवढाच बहुधा तिचा इतिहास. पुढें दिवाळीस सर्व मंडळी एकत्र जमली म्हणजे कोणीतरी विषय काढतो कीं, दुसरें इंजिन घालून ही गाडी पुनः चालती कां करूं नये? एक काका म्हणतात, भंगारांत द्या. दुसरे म्हणतात, ट्रॅक्टरचें इंजिन घाला. आणि आजी म्हणते, तिला कोणी हात लावूं नका. या तिन्ही मतांत थोडेंथोडें तथ्य आहे. परंतु निर्णय घेण्यापूर्वीं घरांतील मंडळींस कांहीं गोष्टी ठाऊक असाव्या, म्हणून त्या येथें क्रमानें सांगतों.

जीप ही दुसऱ्या महायुद्धाची संतति. १९४१ ते १९४५ या काळांत विलीस आणि फोर्ड या कारखान्यांनीं अमेरिकन सैन्यासाठीं ती लाखोंनीं तयार केली. युद्ध संपल्यावर शिलकी मालांतून पुष्कळ गाड्या आपल्याकडे विकल्या गेल्या, आणि १९४७ पासून महिंद्रांनीं मुंबईस ही गाडी आणून जुळविण्याचें काम हातीं घेतलें. मूळ इंजिन पेट्रोलचें, चार सिलिंडरांचें, २,१९९ घनसेंटिमीटर मापाचें व ६० अश्वशक्तीचें. त्याच्या सर्व झडपा ब्लॉकच्या कुशीला असत. १९५३ मध्यें अमेरिकेंत सी. जे. ३ बी हा नमुना निघाला. त्याच्या इंजिनाचें बोअर व स्ट्रोक तेंच होतें, परंतु हवा आंत घेणारी झडप माथ्यावर गेल्यामुळें इंजिन उंच झालें आणि बॉनेटही उंच करावें लागलें. हाच उंच कपाळाचा नमुना आपल्याकडे महिंद्रांनीं कित्येक वर्षें काढला. तेव्हां बॉनेट पाहूनच आपली जीप कोणत्या घराण्यांतली, हें बव्हंशीं ओळखतां येतें.

१९७३ च्या अखेरीस पश्चिम आशियांतील युद्धामुळें खनिज तेलाचे भाव भडकले. पिंपास सुमारें ३ डॉलर असलेला भाव कांहीं महिन्यांतच ११-१२ डॉलरांच्या घरांत गेला. पेट्रोलची जीप पोसणें मध्यम स्थितीच्या गृहस्थास जड जाऊं लागलें आणि डिझेल इंजिनाकडे सर्वांची दृष्टि वळली. ही केवळ मिस्त्री लोकांची लहर नव्हती. १९६३ मध्यें स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीच्या इंजिनावरून घेतलेलें, सुमारें २,३५० घनसेंटिमीटरचें डिझेल इंजिन खुद्द महिंद्रांनींच आपल्या जीपांत घातलें. पुढें १९८० नंतरच्या दशकांत पेजो या फ्रेंच कंपनीच्या आराखड्याचें २,११२ घनसेंटिमीटरचें इंजिन इगतपुरीच्या कारखान्यांत होऊं लागलें व तेंही जीपांत आलें. शिवाय पुण्याजवळ आकुर्डीस बजाज टेम्पोच्या कारखान्यांत मर्सिडीझ आराखड्याचें डिझेल इंजिन होत असे. त्या मॅटाडोरच्या इंजिनानें महाराष्ट्रांतील कित्येक जुन्या मोटारींस दुसरा जन्म दिला.

आतां प्रदेशाचा विचार करूं. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, पण मोटारीच्या दृष्टीनें दोहोंची परीक्षा एकच. चंद्रपुरास मे महिन्यांत पारा ४७ अंशांपर्यंत चढतो. तेथें रेडिएटर थोडा जरी चोंदलेला असला तरी इंजिन उकळतें. उलट गडचिरोलीच्या दक्षिण भागांत पावसाळा कसोटी पाहतो. आलापल्लीच्या सागवनांतून भामरागडाकडे जाणारा रस्ता सुमारें ६० किलोमीटरांचा. पर्लकोटेस पूर आला म्हणजे भामरागडाचा संबंध तुटतो. १९७३ मध्यें हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हां तर पावसाळ्यांत तिकडचें दळणवळण महिनेच्या महिने बंद पडे. अशा प्रदेशांत शहरांतल्यासारखें हाकेच्या अंतरावर गॅरेज नसतें. गाडींत मुलेंबाळें किंवा एखादा आजारी असतां रानांत रात्र काढण्याचा प्रसंग ज्या इंजिनामुळें येतो, तें कितीही स्वस्त मिळालेलें असलें तरी महागच म्हणावें लागेल.

म्हणून पहिला प्रश्न कोणतें इंजिन घालावें हा नव्हे. गाडी कशासाठीं हवी, हा पहिला प्रश्न होय. ती वडिलांची आठवण म्हणून जतन करावयाची आहे, कीं शेतावर व गांवोगांव न्यावयाची आहे? जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें विंटेज गाड्यांचे नियम प्रसिद्ध केले. पन्नास वर्षांवरील गाडीस त्यांप्रमाणें स्वतंत्र नोंदणी व ‘व्ही. ए.’ अक्षरांचा क्रमांक मिळूं शकतो. परंतु गाडी मूळ स्वरूपांत असावी, चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यास अट आहे. अशी गाडी नित्याच्या वापरासाठीं काढतां येत नाहीं. प्रदर्शन, विंटेज रॅली, दुरुस्ती इत्यादि कारणांपुरतीच ती रस्त्यावर यावयाची. तात्पर्य, ज्या दिवशीं आपण परकें इंजिन गाडींत उतरवितों, त्या दिवशीं तिचा हा मान आपल्या हातानें घालवितों. आजीचें म्हणणें येथें कायद्याशीं जुळतें, हें काकांनीं ध्यानांत घ्यावें.

गाडी कामाचीच हवी असें ठरलें तरीही आधीं मूळ इंजिनाकडे पाहावें. ‘इंजिन गेलें’ म्हणून सोडून दिलेल्या गाड्यांपैकीं पुष्कळांचें इंजिन केवळ वर्षानुवर्षें उभें राहून गंजानें अडकलेलें असतें. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत पातळ तेल सोडावें, आठ-पंधरा दिवस मुरूं द्यावें आणि मग हँडलनें हलकेच फिरवून पाहावें. बळजबरी करूं नये. ब्लॉक तडकलेला नसेल तर बोअर वाढवून वा लाइनर घालून, मोठ्या मापाचे पिस्टन बसवून तें पुनः उभें करतां येतें. हा नमुना आपल्या देशांत दीर्घकाळ तयार झाल्यामुळें त्याचे सुटे भाग अद्यापि मिळतात. कागदपत्रांच्या दृष्टीनेंही हाच मार्ग सर्वांत निष्कंटक होय.

मूळ ब्लॉक कामांतून गेला असेल तरच दुसरें इंजिन शोधावें. तें नागपूरच्या जुन्या मालाच्या दुकानांत मिळेल. दिल्लीच्या मायापुरींत किंवा सैन्याच्या जुन्या जीपांसाठीं प्रसिद्ध असलेल्या हरियाणांतील मंडी डबवालीसही मिळेल. परंतु दूरचें इंजिन छायाचित्रावरून घेऊं नये. घरचा एक जाणता माणूस आणि ज्याच्या हातीं काम द्यावयाचें तो मिस्त्री, अशा दोघांनीं जाऊन पाहावें. ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक स्पष्ट आहे काय, घासून पुनः ठोकलेला तर नाहीं ना, हें प्रथम तपासावें. तेल दुधाळ दिसलें तर आंत पाणी शिरलें आहे असें समजावें. शक्य तर इंजिन चालवून दाबमापक लावावें. चारही सिलिंडरांचा दाब जवळजवळ सारखा असला पाहिजे. पक्कें बिल आणि ज्या गाडींतून तें काढलें तिचे कागद यांशिवाय पैसे देऊं नयेत. चोरीच्या गाडीचें इंजिन घरांत आलें तर घराण्याचें नांव पोलिसांच्या दप्तरीं जाईल.

डिझेल इंजिन घेतांना आणखी एक हिशेब करावा लागतो. जुन्या जीपेचें पेट्रोल इंजिन मिनिटास ४,००० फेऱ्यांपर्यंत जातें आणि मागील आंसाचें प्रमाण त्या बेतानें ठेविलेलें आहे. नागरी जीपांत हें प्रमाण बहुधा ५.३८ असतें, म्हणजे टॉप गिअरमध्यें इंजिनाच्या ५.३८ फेऱ्यांस चाकाची एक. सोळा इंची रिमच्या चाकाचा बाहेरचा घेर सुमारें सव्वादोन मीटर. तेव्हां एखादें शेतीचें इंजिन मिनिटास २,००० फेऱ्यांवर बांधलेलें असेल, तर गाडी तासास ५० किलोमीटरांपलीकडे जाणार नाहीं. शेतावरच्या कामास हें पुरेसें आहे. पण चंद्रपुराहून नागपुरास जाणाऱ्यास तें असह्य होईल. ट्रॅक्टरचें इंजिन सुचविणाऱ्या काकांनीं हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा.

दुसरा भेद दाबाचा. मूळ विलीस इंजिनांत हवा सुमारें साडेसहापट दाबली जाते, डिझेलांत सुमारें वीसपट. त्यामुळें डिझेल इंजिन जड व धक्के देणारें असतें. इंजिनाची फाउंडेशन नवी व मजबूत हवी. पुढच्या कमानपाट्यांत एखादें पान वाढवावें लागतें. आरंभीच्या जीपांत ६ व्होल्टची बॅटरी होती. डिझेलच्या सेल्फला १२ व्होल्टचा जोर पाहिजे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्यें बसणारी जोडपट्टी लेथवर अचूक करून घ्यावी, कारण दोहोंचा मध्य केसभर चुकला तरी क्लच व बेअरिंग लौकर झिजतात. तसेंच पेट्रोल इंजिनाप्रमाणें डिझेलांत आपोआप निर्वात उत्पन्न होत नाहीं. ज्या जुन्या जीपांचे वायपर निर्वातावर चालतात, त्यांस वेगळी सोय करावी लागते. पावसाळ्यांत पहिल्याच घाटांत याची आठवण होण्यापेक्षां आधींच झालेली बरी.

आतां तयारी. आणलेलें इंजिन धुऊन, रंगवून तसेंच बसविण्याचा मोह फार असतो, तो आवरावा. तें पूर्ण खोलून प्रत्येक भाग मापावा. बोअर वर-खालीं व आडवें-उभें मोजून किती झिजलें व लंबगोल झालें तें पाहावें. क्रँक घासावा लागला तर दहा, वीस किंवा तीस हजारांश इंच कमी मापाचीं बेअरिंगें मिळतात. रिंग बोअरमध्यें ठेवून तिच्या टोकांमधील फट पाहावी. पेट्रोल इंजिनास बोअरच्या दर इंचामागें तीन-चार हजारांश इंच हें साधारण मान आहे, डिझेलास कारखान्याच्या पुस्तकांतील माप धरावें. हेड पाण्याच्या दाबाखालीं तपासून भेग नाहीं याची खात्री करावी आणि मगच त्याचें तोंड सपाट करून घ्यावें. झडपा बसवाव्या, तेलाचा व पाण्याचा पंप तपासावा. डिझेलाचा पंप व नोझल कॅलिब्रेशनच्या दुकानांत यंत्रावर लावूनच आणावे. हेडचे नट आंतून बाहेर, टप्प्याटप्प्यानें, मापाच्या पान्यानें आवळावे. रेडिएटर निराळा साफ करवावा. आपल्या उन्हाळ्यांत हें काम इंजिनाच्या कामाइतकेंच महत्त्वाचें आहे. इंजिन गाडींत उतरविण्यापूर्वीं जमिनीवर चौकटींत बांधून कांहीं तास चालवावें, म्हणजे गळती तेथेंच उघडकीस येईल. पहिल्या ५०० किलोमीटरांनंतर तेल बदलावें, आणि गाडी १,००० किलोमीटर धांवल्यावांचून तिच्यावर पूर्ण ओझें घालूं नये किंवा जंगलाची वाट धरूं नये.

हें सर्व करण्यापूर्वीं, मागाहून नव्हे, परिवहन कार्यालयांत जावें. चंद्रपूरचा क्रमांक एम. एच. ३४ व गडचिरोलीचा एम. एच. ३३. मोटार वाहन कायदा १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वयें इंजिन बदलण्यास नोंदणी-अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, कारखानदारानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार गाडींत करतां येणार नाहीं. म्हणून भिन्न जातीचें इंजिन घेण्याआधीं लेखी उत्तर मिळवावें. नकार आला तर मूळ जातीच्याच इंजिनाकडे वळावें. इंधन बदललें तर विमा कंपनीसही कळवावें. एकत्र कुटुंबांत आणखी एक अडचण हटकून निघते: गाडी अजून कैलासवासी आजोबांच्याच नांवावर असते. ती सर्वांची म्हणतां म्हणतां कोणाचीच राहत नाहीं. वारसांनीं एकमतानें एका नांवावर नोंद करून घेतल्याशिवाय मिस्त्रीस आगाऊ रक्कम देऊं नये.

शेवटीं जुन्या इंजिनाविषयीं. तें भंगारवाल्यास देऊं नये, एवढें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. सिलिंडरांत तेल घालून सर्व तोंडें बंद करावीं, कार्बोरेटर, डायनॅमो, नटबोल्ट हीं चिठ्ठ्या लावून एका पेटींत ठेवावीं, आणि तें जमिनीपासून उंच, कोरड्या जागीं, लांकडी ओंडक्यांवर झांकून ठेवावें. सोबत एक वही ठेवावी. इंजिनाचा क्रमांक, तें कधीं काढलें, कां काढलें, नवें कोठून आणलें, कोणतीं मापें निघालीं, तेल कधीं बदललें, हें सर्व तींत लिहावें. उद्यां घरांतील एखाद्या मुलास किंवा मुलीस गाडी मूळ स्वरूपांत आणावीशी वाटली, तर तिचा मार्ग आपण बंद केलेला नसावा. वडिलार्जित वस्तूचा उपयोग करून घेण्याचा अधिकार आपल्या पिढीस आहे. परंतु ती पुढील पिढीस ओळखूं येईल अशा स्थितींत ठेवण्याचें कर्तव्यही तिच्याकडेच आहे.