तापाचे औषध आणि चहाचा चमचा

वैशाखात अमळनेरास पोर तापले, की आईचा हात प्रथम औषधाच्या बाटलीकडे जातो. परंतु पॅरासिटॅमॉलची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते : दर किलोस सुमारे १५ मिलिग्रॅम. म्हणजे १० किलोंच्या मुलास १५० पुरे. ५ मिलिलिटरांत २५० असलेल्या पातळ औषधाचे ते ३ मिलिलिटर. थेंबांच्या औषधाचे, मिलिलिटरास १०० असल्यास, अवघे दीड! तेच थेंब चहाच्या चमच्याने – आणि हे चमचे तरी घरोघर निराळे – पाजले, तर तिपटीहून अधिक औषध पोटात जाते. असे वारंवार घडल्यास यकृतास धोका पोहोचतो. दोन मात्रांत चार ते सहा तास जावेत. अहोरात्रात चारांहून अधिक मात्रा नकोत. थोरांचे ॲस्पिरिन मुळीच नको. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांस देण्यास २०११ साली बंदी झाली. उन्हाची झळ लागून अंग भाजत असेल, तर मात्र हे औषध निरुपयोगी. पाण्याने अंग पुशीत तडक दवाखाना गाठावा.