लाकडाला कान लावणारा ट्यूनर

गिटारची सहावी, म्हणजे सगळ्यांत जाड ई तार सुरात असली की सेकंदाला ८२.४१ वेळा थरथरते. पहिली, सगळ्यांत बारीक ई तार ३२९.६३ वेळा. मधल्या चार तारा ए, डी, जी आणि बी. या सहा तारा मिळून एका साध्या ॲकूस्टिक गिटारच्या लाकडावर सत्तर किलोच्या आसपास ओढ टाकतात, आणि ही ओढ कधीच एका जागी थांबत नाही. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात लाकूड ओल शोषून फुगतं आणि तारा चढतात. हवा कोरडी झाली की त्याच तारा उतरतात. नव्या तारा बसवल्या तर पहिले काही दिवस त्या ताणत राहतात आणि सूर सुटतच राहतो. त्यामुळे गिटार लावणं हे रोजचं काम आहे. शिकणाऱ्याच्या हातून ते नीट होत नसेल, तर त्याचा सगळा रियाज बेसूर गिटारवर होतो. कानाला तीच सवय लागते आणि ती मोडायला फार वेळ जातो. म्हणूनच गिटारनंतरची दुसरी खरेदी ट्यूनरची असावी असं मला ठामपणे वाटतं. कॅपो, पट्टा, भारीतली बॅग हे सगळं नंतर.

आज ट्यूनर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हेडस्टॉकला लावायचा चिमटा येतो. वर एक छोटा पडदा, खाली रबर लावलेले दोन जबडे, आत एक गोल सेल. दुकानात तो काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळतो आणि बाहेरून बघता स्वस्त-महागात फारसा फरक दिसत नाही. काय बघून घ्यायचा हे कळण्यासाठी तो ऐकतो कसा, हे आधी समजून घ्यावं लागतं.

मोबाइलमधलं ट्यूनरचं ॲप हवेतून आलेला आवाज ऐकतं. क्लिप-ऑन ट्यूनर हवेची वाटच बघत नाही. तार छेडली की तिची थरथर नट आणि ब्रिजमधून लाकडात उतरते आणि हेडस्टॉकपर्यंत पोचते. चिमट्याच्या जबड्यात पिझोइलेक्ट्रिक चकती असते. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांत वीज निर्माण होते, हा शोध ज्याक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० साली लावला. घरातल्या गॅस लायटरची ठिणगी याच गुणामुळे पडते. ट्यूनरमधली चकती लाकडाच्या थरथरीचं रूपांतर अगदी क्षीण विजेच्या लहरींत करते आणि शेजारची चिप त्या लहरी सेकंदाला किती येतात ते काढते. आगगाडी दिसायच्या आधी रुळाला कान लावून ती ऐकावी, तसं हे ऐकणं आहे. गणपतीच्या मंडपात शेजारी ढोल-ताशाचा सराव चालू असताना मोबाइलचं ॲप पार गोंधळून जातं, पण हेडस्टॉकवरचा चिमटा आपल्या तारेचा सूर धरतो. गिटारच्या क्लासमध्ये दहा मुलं एकाच वेळी तारा छेडत असतात, तिथे तर दुसरा उपायच नाही. घरी शांत खोलीत वाजवत असाल तर फोनचं चांगलं ॲपही पुरतं, हेही स्पष्ट सांगायला हवं.

या चिमट्याच्या मागे मोठी परंपरा आहे. १७११ साली इंग्लंडमधल्या जॉन शोर या दरबारी वादकाने नादकाटा बनवला. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत रबरी ठोकळ्यावर आपटून कानाशी धरायचो तोच. पुढची दोनशे वर्षं वादकाला संदर्भाचा सूर बाहेरून मिळत होता, पण तार त्या सुराला मिळाली की नाही हे ठरवायचं काम कानाचंच होतं. १९३६ साली अमेरिकेतल्या कॉन कंपनीचा स्ट्रोबोकॉन आला आणि सूर डोळ्यांना दिसू लागला. फिरत्या चकत्यांवर काळे-पांढरे पट्टे आणि मागे तारेच्या कंपनाबरोबर लुकलुकणारा दिवा. सूर बरोबर जुळला की पट्टे जागच्या जागी थांबलेले दिसतात, चढा असला तर एका बाजूला सरकतात, उतरला असला तर दुसऱ्या. यंत्र मोठं आणि महाग, त्यामुळे ते पियानो लावणारे आणि वाद्य बनवणारे यांच्याकडेच राहिलं. १९७५ साली जपानच्या कॉर्ग कंपनीने हातात मावणारा, काटा हलणारा डब्ल्यूटी-१० काढला. १९८३ साली बॉसचा टीयू-१२ आला. कोणता सूर वाजतोय हे तो स्वतःच ओळखायचा, आधी बटण फिरवून सांगावं लागत नसे. लाकडाला चिकटणारे चिमटे बाजारात आले ते १९९० च्या दशकात. पुढच्या वीस वर्षांत ते इतके स्वस्त झाले की आज एका तारांच्या संचाच्या किमतीत एक ट्यूनर येतो.

आता निवडीकडे. खोक्यावर सगळ्यांत ठळक छापलेला आकडा असतो अचूकतेचा: अधिक-उणे एक सेंट, अर्धा सेंट, ०.१ सेंट. दोन लागोपाठच्या स्वरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक सेंट. सहाव्या तारेवर एक सेंट म्हणजे सेकंदाला कंपनाचा जेमतेम विसावा भाग. पहिल्या तारेच्या उंचीवर दोन स्वरांत एका सेंटचा फरक असेल तर एकत्र वाजवल्यावर त्यांची लाट साधारण पाच सेकंदांत एकदा उठते, आणि तोवर गिटारचा आवाज बराच विरलेला असतो. त्यात फ्रेटवर बोट जरा जोरात दाबलं की तार काही सेंट सहज चढते. ज्या वाद्यात डाव्या हाताच्या दाबानेच इतका फरक पडतो, तिथे सेंटच्या दशांशासाठी जादा पैसे मोजायची गरज नवशिक्याला नाही. स्टुडिओत रेकॉर्डिंग करणाऱ्याला किंवा गिटारचं इंटोनेशन लावणाऱ्या कारागिराला आहे. पीटरसनच्या स्ट्रोबोक्लिपसारखे ट्यूनर त्यांच्या कामाचे. जुन्या स्ट्रोबचे सरकते पट्टे त्यात पडद्यावर दिसतात आणि ०.१ सेंटचा दावा तिथे खरंच उपयोगी पडतो. डेन्मार्कच्या टीसी इलेक्ट्रॉनिकच्या पॉलीट्यून क्लिपवर सहाही तारा एकदम छेडल्या की कोणती सुटलीय ते एका नजरेत दिसतं. स्टेजवर दोन गाण्यांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात याची किंमत कळते.

बाकीच्यांनी आकड्याऐवजी काटा किती ठाम उभा राहतो ते बघावं. त्याची परीक्षा सहाव्या तारेवर होते. या तारेच्या मूळ कंपनाचा जोर हेडस्टॉकपाशी कमी पोचतो, तिच्या वरच्या पटींतली कंपनं जास्त. बेताचा ट्यूनर या पटींमध्ये गोंधळतो, क्षणात ई दाखवतो, क्षणात बी. तार छेडल्याच्या पहिल्या क्षणी ती जास्त ताणलेली असल्याने सूर किंचित चढा असतो आणि मग खाली येऊन स्थिरावतो. चांगला ट्यूनर हा उतार शांतपणे दाखवतो. वाईट ट्यूनरचा काटा डावी-उजवीकडे नाचत राहतो आणि शिकणारा त्याच्यामागे खुंटी फिरवत बसतो.

यंत्र कोणतंही असो, हाताची पद्धत एकच. तार अंगठ्याने मध्यम जोरात छेडायची, कडाक्याने नाही. बाकीच्या तारांवर तळवा टेकवून त्या गप्प करायच्या. पहिला क्षण सोडून द्यायचा आणि काटा स्थिरावला की मग वाचायचा. सूर चढा असेल तर आधी खुंटी उलटी फिरवून तार सुराच्या खाली आणायची आणि तिथून हळूहळू वर चढवत सुरावर थांबायचं. वरून खाली येत थांबलं तर खुंटीच्या दात्यांत ढिलेपणा राहतो आणि दोन कॉर्ड वाजवेपर्यंत तार आणखी उतरते. सहावी तार वाचली जात नसेल तर बाराव्या फ्रेटच्या अगदी वर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक काढावा. तो दुप्पट कंपनांचा, स्वच्छ सूर असतो आणि बहुतेक ट्यूनर तो लगेच ओळखतात.

क्रोमॅटिक की गिटार मोड, हा दुकानात हमखास येणारा प्रश्न. गिटार मोड सहाच सूर ओळखतो आणि तारेचा क्रमांकही दाखवतो. नव्याने तारा बसवणाऱ्या मुलासाठी तो बरा. क्रोमॅटिक मोडवर नुसतं अक्षर दिसतं, आणि जी तार चढवता चढवता एवर कधी गेली हे न कळून ती तुटते. पण फक्त गिटार मोड असलेला ट्यूनर घेऊ नये, आणि आपल्याकडे तर मुळीच नाही. आपले गायक पट्टी सांगतात ती पेटीवरची: काळी एक, पांढरी चार, काळी दोन. काळी एक म्हणजे सी शार्प. गिटारवाला पहिल्या फ्रेटवर कॅपो लावतो आणि सीचे आकार धरतो. कॅपोच्या दाबाने तारा थोड्या चढतात, पुन्हा लावाव्या लागतात, आणि आता त्या एफ, ए शार्प, डी शार्प, जी शार्प, सी, एफ अशा वाजतात. इथे गिटार मोडचा काही उपयोग नाही.

याच संगतीत आणखी एक गोष्ट डोकं खाते. बहुतेक ट्यूनरवर संदर्भाचा सूर बदलायचं बटण असतं. ए म्हणजे ४४० कंपनं, हे आंतरराष्ट्रीय प्रमाण. बॅगेत बटण दाबलं जाऊन तो आकडा ४३२ झाला तर सगळी गिटार जवळजवळ ३२ सेंट उतरते. आपल्या आपल्यात ती सुरात असते, म्हणून एकटं वाजवताना काहीच कळत नाही. पेटी किंवा कीबोर्ड सुरू झाला की मात्र गाणंच बिघडतं. ट्यूनर लावला की आधी ४४० वाचायची सवय लावून घ्यावी.

आता या यंत्राची खरी मर्यादा. तानपुऱ्यात मुरलेल्या कानाला ती पटकन जाणवते. ट्यूनरने सहाही तारा बिनचूक लावल्या, ई मेजर कॉर्ड धरली, तरी जी तारेवरचा जी शार्प, म्हणजे ईचा गांधार, चढा लागतो. यात यंत्राची चूक नाही. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात आणि ट्यूनरही तेच भाग मानतो. त्या मोजणीत शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. पाचास चार या प्रमाणात, नैसर्गिकपणे मिळणारा गांधार ३८६ सेंटवर असतो. चौदा सेंटचा हा फरक चांगलाच ऐकू येतो. पंचमात मात्र फरक दोनच सेंटचा, म्हणून तो कुणाला खटकत नाही. महाराष्ट्रात या प्रश्नाचा फार गांभीर्याने विचार झाला आहे. सांगलीचे डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी स्वरांची आणि बावीस श्रुतींची गणितं मांडणारी इंग्रजी पुस्तिका १९१० साली पुण्यात छापली, आणि त्यांच्या या कामात अब्दुल करीम खाँसाहेबांची साथ होती. पेटीवर १९४० साली आकाशवाणीने घातलेल्या बंदीमागेही या समान भागांचं कारण होतं. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं.

म्हणून काही जण जी तार कानाने चौदा सेंट उतरवतात आणि ई मेजर गोड करून घेतात. मग सी कॉर्डमधला पंचम बिघडतो, कारण तो त्याच तारेवर आहे. गिटारवर सगळ्या कॉर्ड एकाच वेळी शुद्ध होऊ शकत नाहीत. अनुभवी वादक समोरचं गाणं बघून एखादी तार दोन-चार सेंट इकडे-तिकडे करतात, आणि ते काम कानाचं. माझं मत असं की शिकणाऱ्याने एकच तार ट्यूनरवर लावावी, बाकीच्या पाच कानाने लावाव्या आणि मग ट्यूनरवर तपासाव्या. रोज असं केलं की कान तयार होतो आणि ट्यूनर पडताळ्यापुरता उरतो.

राहिल्या वापरातल्या गोष्टी. पडदा उन्हात दिसायला हवा, गॅदरिंग दिवसाच असतात. मान वळवायचा सांधा प्लास्टिकचा असतो आणि सगळ्यांत आधी तोच तुटतो, तेव्हा तो हलवून बघा. नायट्रो लॅकरचं पॉलिश असलेल्या गिटारवर चिमटा दिवसेंदिवस लावून ठेवू नका, रबरामुळे पॉलिशवर कायमचा डाग पडतो. आतला सेल बहुधा सीआर २०३२ असतो, वीस मिलिमीटर व्यासाचा. लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, म्हणून सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारा ट्यूनर घ्यावा आणि तसं काही घडलंच तर घरी उपाय करत न बसता मुलाला तडक रुग्णालयात न्यावं.

खरेदीला जाताना आपली गिटार बरोबर न्या. दुकानात ट्यूनर लावून सहावी तार हलक्या हाताने छेडा. सूर विरेपर्यंत पडद्यावर ई टिकला आणि काटा नाचला नाही, तर तो ट्यूनर घ्या, मग तो चारशेचा असला तरी हरकत नाही.