धावून जाण्याची तालीम

तापीकाठच्या सुरतकराला पुराविषयी विचारावे, तो आधी भिंतीकडे बोट दाखवतो. पाणी कुठवर चढले होते ते त्याला तिथे स्पष्ट दिसते. आपल्याला मात्र नुसता उडालेला रंग दिसतो. बडोद्याच्या आपल्या मराठी घरांतून सुरत म्हटली की १६६४ सालची स्वारी आठवते आणि बोलणे तिथेच रंगते. त्यात वावगे काही नाही. परंतु त्या शहराने पुढच्या काळात ज्या संकटांना तोंड दिले, ती नदीने आणली, रोगाने आणली, कधी माणसांच्या निष्काळजीपणाने आणली. त्या वेळी कोण धावून गेले, आणि धावून जाणे पुरेसे झाले की नाही, हा आज लिहिण्याचा विषय.

माझा या विषयाशी संबंध कसा, असे वाचक विचारतील. वडील तरुणपणी दरबारच्या कलावंत कारखान्यात अखेरची काही वर्षे गायनसेवेस होते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा, आणि पोटापाण्यासाठी गाणे शिकवतो. आठवड्यातून एक दिवस सकाळच्या गाडीने सुरतेस जातो आणि रात्री परततो. उधना-लिंबायतकडे यंत्रमागावर आलेली खानदेशी कुटुंबे बरीच आहेत. त्यांची मुले शिकायला येतात, सुरती घरांतलीही येतात. शिकवणी संपली की बोलणे निघते, आणि सुरतेत बोलणे निघाले की कधीतरी २००६ वर येऊन थांबतेच.

त्या वर्षीच्या ऑगस्टात तापीच्या पाणलोटात अतोनात पाऊस झाला. शहराच्या वर सुमारे शंभर किलोमीटरवर उकाईचे धरण आहे. ते १९७२ साली पुरे झाले, आणि आता पुराची धास्ती मिटली असे लोकांनी धरून चालले होते. पण त्या दिवसांत धरणातून सोडलेले पाणी नऊ लाख क्युसेकच्या घरात गेले. होप पुलापाशी धोक्याची पातळी साडेनऊ मीटर. पाणी बारा मीटरच्या वर चढले. त्यातच पौर्णिमा जवळ आलेली. समुद्राला उधाण असले की तापीचे पाणी खाडीतून पुढे सरकत नाही, हे तिथले कोळी कुणाच्या आधी सांगतात. ७ ऑगस्टला पाणी शहरात शिरले आणि बघता बघता तीन-चतुर्थांश सुरत पाण्याखाली गेली. ९ तारखेला राखीपौर्णिमा होती. त्या दिवशी कित्येक घरांतली माणसे गच्चीवर बसून हेलिकॉप्टरमधून पडणाऱ्या अन्नाच्या पुड्यांची वाट पाहत होती.

लष्कर आले, नौदल आले, हवाई दल आले. परंतु कुठल्याही पुरात पहिले काही तास कुणीच बाहेरून येऊ शकत नाही. त्या वेळी शेजारी हाच बचाव दल असतो. रांदेर-अडाजणकडील लोक सांगतात की ट्रकच्या ट्यूबा, रिकामे पिंप, केळीच्या खांबांचे तराफे, जे हाती आले त्यावर म्हाताऱ्यांना आणि बाळंतिणींना हलवले. हे सांगताना कुणी छाती फुगवत नाही. उलट एक गृहस्थ मला म्हणाले, “आम्ही खूप धावलो हो; पण कुठे धावायचे ते ठाऊक नव्हते.” हे वाक्य मला विसरता आलेले नाही. गाणाऱ्याला त्याचा अर्थ लगेच कळतो. गळा आहे, दमही आहे, पण तालीम नाही.

याहून अधिक जिव्हारी लागणारा प्रसंग २४ मे २०१९ चा. सरथाणा जकातनाक्याजवळच्या तक्षशिला आर्केड या इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर मुलांचे शिकवणी वर्ग होते. शुक्रवारची दुपार. आग लागली आणि जिन्याची वाट बंद झाली. मुले खिडकीत आली, काहींनी खाली उड्या टाकल्या. बावीसजण गेले, त्यांतील बहुतेक विद्यार्थी होते. अग्निशमन दलाची शिडी त्या मजल्यापर्यंत पोहोचली नाही, ही गोष्ट पुढे देशभर चर्चिली गेली. खाली शेकडो लोक जमले होते. काही तरुण बाहेरच्या बाजूने सज्ज्यावर चढून मुलांना हात देत होते, आणि त्यांनी काहींचे प्राण वाचवले हेही खरे. त्या शहराला भेकड म्हणण्याची कुणाची छाती नाही. परंतु धैर्य होते आणि उंच शिडी नव्हती. माणसे होती आणि खाली धरायला जाळे नव्हते. मीही शिकवणारा माणूस आहे. एका खोलीत पंधरा मुले बसवून दार लोटून घेतो, तेव्हा बाहेर पडायला दुसरी वाट कुठे आहे हे आता आधी बघतो.

स्वयंसेवकांनी जखमींना उचलून न्यावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झाले, तेव्हा गांधीजींनी तिथल्या हिंदी लोकांचे शुश्रूषा पथक उभारले. सुमारे अकराशे माणसे, त्यांतील आठशेच्या आसपास गिरमिटिये मजूर. कोलेन्सो आणि स्पिऑन कोपच्या रणभूमीवरून त्यांनी जखमींना डोल्यांतून वाहिले. कधी एका दिवसात वीस-पंचवीस मैलांची चाल झाली. पण या कथेतला एक भाग सांगायचा राहून जातो. पथकाच्या म्होरक्यांनी आधी डॉ. बूथ यांच्याकडे शुश्रूषेचे धडे घेतले होते. सेवेची इच्छा पहिल्या दिवसापासून होती, तरी धडे घेतल्यावाचून ते निघाले नाहीत.

पुढे ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई इलाख्यात होमगार्ड दल स्थापन झाले, ते मोरारजी देसाईंच्या पुढाकाराने. आणि ते तर वलसाडजवळच्या भदेलीचे, म्हणजे सुरतेच्या शेजारचेच. १९६८ साली नागरी संरक्षणाचा कायदा झाला. तो मुळात हवाई हल्ल्याच्या भीतीने केलेला होता. पूर-भूकंपासारख्या आपत्तींचे काम त्यात पुढे, एकविसाव्या शतकात जोडले गेले. ७ मे २०२५ रोजी देशभर जी नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, तीत पहिल्या वर्गाच्या ठिकाणांत गुजरातेतील सुरत, काकरापार आणि आपले बडोदे ही नावे होती. भोंगे वाजले, दिवे मालवले, आणि दुसऱ्या दिवशी आपण सारे विसरून गेलो.

सगळेच विसरत नाहीत, हे मला एका रविवारी कळले. माझी एक विद्यार्थिनी नोकरी सांभाळून स्वयंसेवकांच्या तुकडीत जाते. तिच्या आग्रहाने मी त्यांचा सराव पाहायला गेलो. शाळेचे मैदान, पंचवीस-तीस माणसे. त्यांत हिऱ्याच्या कारखान्यातले कारागीर होते, रिक्षावाले होते, दोन गृहिणी होत्या. दोन बांबू आणि एक घोंगडी एवढ्यावर डोली केली आणि एका धडधाकट पोऱ्याला तीवर निजवले. चौघांनी उचलली. मला वाटले, आता कवायतीसारखे डावा-उजवा करत निघतील. तर शिक्षक ओरडले, “पाय मोडा!” चौघांनी मुद्दाम वेगवेगळ्या पायांनी चाल धरली. विद्यार्थिनी हसून म्हणाली, “गुरुजी, इथे ठेका चुकवायचा असतो.” कारण विचारले. एकाच पायावर चौघे चालले तर डोली पाळण्यासारखी हेलकावते आणि मोडलेले हाड आतल्या आत घासते. सपाटीवर रोग्याचे पाय पुढे ठेवायचे. जिना चढताना डोके पुढे करायचे. हे सारे पुस्तकात मिळते. पण अंधारात, चिखलात, कुणी कण्हत असताना ते पुस्तकातून आठवत नाही. ते अंगात मुरलेले असावे लागते.

छाती दाबण्याचा पाठ तर माझ्याच विषयातला निघाला. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या मेंदूला चार-सहा मिनिटांतच इजा होऊ लागते. रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी तेवढ्या वेळात येईलच असे नाही. तोवर जवळच्या माणसाने छातीच्या मध्यावर मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचे. तीस दाबांनंतर दोन श्वास. नवखा माणूस घाबरून गती वाढवतो आणि मिनिटाभरात दमतो, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. आणि दाब सोडताना पुरता सोडायचा, छाती वर येऊ द्यायची, तरच हृदयात पुन्हा रक्त भरते. टाळीइतकीच खालीची किंमत असते, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. ते कुणाच्या प्राणाशी निगडित असेल असे वाटले नव्हते.

पाण्याचा नियमही तिथे ऐकला. आधी हाक, मग काठी, मग दोर, मग होडी, आणि उडी सर्वांत शेवटी. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. म्हणून ज्याने दोर फेकण्याचा सराव केला आहे तो पट्टीच्या पोहणाऱ्याहून अधिक उपयोगी.

सराव असला की काय होते आणि नसला की काय होते, याची दोन उदाहरणे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिली. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील मंडळींची बस खोल दरीत कोसळली आणि तीसजण गेले. भर पावसात दोरावरून खाली उतरून मृतदेह वर आणले ते महाबळेश्वरच्या गिर्यारोहकांनी आणि त्यांच्यासारख्या इतर स्वयंसेवकांनी. ते वर्षभर त्याच कड्यांवर दोर लावतात. म्हणून त्या दिवशी त्यांचा हात थरथरला नाही. उलट ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसे काढणारी होडीच उलटली आणि डझनभराहून अधिक जीव गेले. होडीत तिच्या ताकदीपेक्षा जास्त माणसे बसली होती. घाबरलेल्या आयाबायांना “तुम्ही पुढच्या फेरीला या” असे म्हणणे सोपे नाही. ते म्हणण्याचीही तालीम करावी लागते. आपल्या कोल्हापूरचे ‘व्हाइट आर्मी’ हे स्वयंसेवक पथक पुरात आणि अपघातांत धावून जाते. त्या संस्थानी शहरात जे जमले ते इतर शहरांना का जमू नये?

कुणी म्हणेल, आता १०८ क्रमांक आहे की. गुजरातेत ही मोफत सेवा २००७ च्या ऑगस्टअखेर सुरू झाली आणि तिचे उपकार मोठे आहेत. पण गाडी येईपर्यंतची मिनिटे कुणाची? ती बघ्यांची असतात. रस्त्यावरच्या अपघातात हात लावला तर पोलिसांचे झेंगट मागे लागेल, ही भीतीही आता धरू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यातच तसे कलम आले. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत सामान्य नागरिकाला बारा दिवसांचे शिक्षण देतात. दार उघडे आहे, आत जाणारे थोडे आहेत.

सुरतेने आणखी एक गोष्ट शिकवली. ज्यांना वाचवता आले नाही त्यांनाही कुणीतरी उचलावे लागते. तिथला एकता ट्रस्ट बेवारस मृतांना त्यांच्या त्यांच्या धर्माप्रमाणे शेवटचा निरोप देत आला. २०२० साली करोनाने गेलेल्यांजवळ नातेवाईकही येऊ शकत नव्हते, तेव्हा त्याच हातांनी हिंदू-मुसलमान न पाहता ते काम केले.

आता आपल्याकडे वळतो. हाडे बसवण्याची विद्या आणि सांघिक कवायत या दोन्ही गोष्टी राजरत्न माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाम मंदिरात एकाच छताखाली आणल्या होत्या. आपल्यांपैकी कित्येकांच्या आजोबांनी तिथली माती अंगाला लावली आहे. आणि १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी गायनशाळा उघडली, तेव्हा जी विद्या उस्तादांच्या घराबाहेर जात नव्हती ती साध्या घरातल्या मुलांच्या हाती आली. वडील सांगत, जुन्या गवयांनी त्या वेळी नाके मुरडली होती. त्या शाळेतून सगळेच गवई झाले नाहीत. पण कान असलेले श्रोते शहरात हजारोंनी झाले, आणि गाणे टिकले ते त्यांच्यामुळे.

प्राण वाचवण्याच्या विद्येचेही तसेच व्हावे. ती अग्निशमन दलाच्या चार खंद्या वीरांपाशी राहून भागणार नाही. प्रत्येक घरात एकाला छाती दाबता यावी, प्रत्येक आळीत चौघांना डोली उचलता यावी, प्रत्येक शिकवणीच्या खोलीला दुसरी वाट असावी. ६ डिसेंबर हा होमगार्ड आणि नागरी संरक्षण दलाचा दिवस. आपल्या मंडळांच्या कार्यक्रमपत्रिकेत त्या दिवशी एखादे व्याख्यान कमी ठेवून दोन तासांचा प्रथमोपचाराचा वर्ग ठेवावा, अशी माझी चालकांना विनंती आहे. गतीसाठी तबलजी लागला तर मी आणीन.