रणगोजा

रणगोजा हा कोरड्या, उघड्या प्रदेशात राहणारा लहान स्थलांतरित पक्षी आहे. त्याचे शास्त्रीय नाव ईनान्थी डेझर्टाय असून इंग्रजीत त्याला डेझर्ट व्हीटिअर म्हणतात. डच प्राणिशास्त्रज्ञ टेमिंक यांनी १८२५ साली त्याचे प्रथम वर्णन केले. पूर्वी कस्तुरांच्या कुळात गणला जाणारा हा पक्षी आता माशीमारांच्या कुळात धरला जातो.

ओळख

रणगोजा आकाराने साधारण चिमणीएवढा, म्हणजे १४ ते १५ सेंमी लांबीचा असतो. नराची पाठ वाळूच्या रंगाची, तर चेहरा, गळा व पंख काळे असतात. गळ्याचा काळा रंग मानेच्या बाजूने पंखांच्या काळ्या रंगाला मिळतो. शरद ऋतूत नव्या पिसांच्या फिकट कडांमुळे गळ्याचा काळा रंग झाकला जातो. पुढे या कडा झिजतात आणि हिवाळा सरता सरता तो ठळक होतो. मादी फिकट तपकिरी असून तिचा गळा सहसा काळा नसतो. नर व मादी दोघांचीही शेपटी जवळजवळ बुडापर्यंत काळी व तिच्या वरचा भाग पांढुरका असतो. उडताना दिसणारी ही खूण सर्वांत खात्रीची होय.

साम्य असलेले पक्षी

ईनान्थी इसाबेलिना हा रणगोज्याचा भाईबंद त्याच्याहून किंचित मोठा, लांब पायांचा व ताठ उभा राहणारा असतो. त्याच्या शेपटीचा टोकाकडील सुमारे अर्धाच भाग काळा असतो व पंख फिकट असतात. गप्पीदासाची मादी रणगोज्याहून लहान असते आणि तिच्या शेपटीत पांढरा रंग नसतो.

स्थलांतर व वर्तन

उत्तर आफ्रिकेपासून मंगोलियापर्यंतच्या रुक्ष प्रदेशांत रणगोज्याची वीण होते; भारतात तो लडाखमध्ये घरटी करतो. महाराष्ट्रात तो हिवाळी पाहुणा आहे. दगड, ढेकूळ किंवा खुरट्या झुडपावर बसून तो जमिनीवरील मुंग्या, भुंगेरे व अळ्या हेरतो आणि खाली झेप घेऊन टिपतो. हिवाळ्यात तो बहुधा एकटा राहतो व आपल्या हद्दीतून इतर रणगोज्यांना हुसकावतो.

खानदेश व अधिवास

खानदेशातील पक्ष्यांच्या जुन्या नोंदींमध्ये जेम्स डेव्हिडसन यांनी १८८२ साली 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेली पश्चिम खानदेशाची यादी महत्त्वाची आहे. पूर्वेकडे, जळगाव व भुसावळ यांच्या दरम्यानच्या नशिराबादसारख्या परिसरात रणगोजा शोधायचा झाल्यास कपाशी-केळीच्या शिवारापेक्षा मुरमाड माळ, विरळ गवत व नांगरून ठेवलेली रिकामी शेते पाहणे योग्य ठरते.

जागतिक पातळीवर ही जात संकटग्रस्त मानली जात नाही. मात्र झुडपी व खडकाळ माळांची गणना सरकारी नकाशांत बहुधा 'पडीक' जमिनीत होते. अशा माळावर ओलीत, बांधकाम किंवा दाट वृक्षलागवड झाल्यास उघड्या जमिनीवर भक्ष्य शोधणाऱ्या या पक्ष्याला तेथे जागा उरत नाही. माणसाच्या लेखी ओसाड असलेला माळ हेच रणगोज्याचे हिवाळी घर आहे.