सराव-चँटर

सराव-चँटर हे बॅगपाइप शिकणाऱ्याचे पहिले वाद्य होय. दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकातील बीटिंग रिट्रीट सोहळ्यात वाजणारा बॅगपाइप मराठी श्रोत्यांस परिचित आहे. सराव-चँटरला मात्र त्याची पिशवी आणि अखंड आधारस्वर देणाऱ्या नळ्या नसतात. त्यात थेट तोंडाने फुंकतात. सनईप्रमाणे यातही दुहेरी पत्ती असते, पण ती टोपणाखाली झाकलेली असल्याने ओठांना लागत नाही.

उपयोग

नऊ स्वरांची बोटे यावरच बसवतात. बॅगपाइपचा नाद वादनात मध्येच तोडता येत नाही. त्यामुळे एकच स्वर पुन्हा वाजवताना मध्ये क्षणिक कणस्वर घ्यावा लागतो. सराव-चँटरवर फुंक थांबवून स्वर तोडता येतो, परंतु ती सवय पुढे अडचणीची ठरते. आरंभीच पूर्ण वाद्य घेतल्यास फुंक, पिशवीवरील दाब आणि बोटे एकाच वेळी सांभाळताना नवशिक्याची ओढाताण होते.

निवड

लांब प्रकारात छिद्रांमधील अंतर बॅगपाइपच्या चँटरशी मिळतेजुळते असते. तो प्रौढांस सोयीचा. लहान बोटांसाठी आखूड प्रकार घ्यावा. मुंबईच्या दमट हवेत लाकूड फुगते, म्हणून प्लॅस्टिकचे वाद्य निर्धोक. छिद्रे चुकीच्या जागी असलेले शोभेचे वाद्य टाळावे. त्यावर कानाला बेसूर स्वरांचे वळण लागते.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत बॅगपाइपचा सराव शेजाऱ्यांस असह्य होतो. सराव-चँटरचा आवाज मंद आणि सुमारे एक सप्तक खालचा असल्याने तेथे रोजचा रियाज शक्य होतो.